जुन्या बसचं दार

दमलेल्या माणसाला नवीन काही शिकायला सांगू नये. पण संसारात सांगायला माणूस लागतोच असं नाही. गरज स्वतःच येऊन समोर बसते आणि म्हणते, चल, शीक.

थोरलीचं तसंच झालं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या एका कारखान्यात ती इस्त्रीच्या लांबलचक यंत्रापाशी उभी असे. गरम चादर बाहेर आली की एक टोक हिनं धरायचं, दुसरं समोरचीनं. झटका, घडी, पुढची चादर. पहाटेची पाळी करून दुपारी घरी यायची तेव्हा बोटांना वाफेचा वास असायचा आणि पाय असे जड, की जिना चढताना प्रत्येक पायरीला मनातल्या मनात देवाचं नाव घ्यावं लागे. भक्ती म्हणून नव्हे, आधाराला कठडा धरतात तसं.

त्या दुपारी चपला काढायच्या आधीच तिनं आतल्या खोलीत डोकावलं. बाबा खुर्चीत होते. समोर टेबलावर कॉम्प्युटर, टेबलाच्या कडेला अडकवलेलं गेमचं स्टिअरिंग. आणि बाबांचा उजवा हात मांडीवर पालथा पडलेला.

"आजही नाही?"

बाबांनी मान हलवली. नाही.

बाबांनी उभा जन्म शहराची बस चालवली. त्यांची गाडी कायम उशिरा पोचायची आणि त्यावरून डेपोत बोलणी खावी लागायची, ती ते मुकाट्यानं खायचे. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. पाय थोडा सुधारला. शब्द मात्र एकेक करून यायचे, तेही त्यांच्या मर्जीनं. आणि हात कुणाच्याच मर्जीनं चालेना.

व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. घरात त्यांना व्यायामताईच म्हणायचे. त्यांनी रबरी चेंडू दिला, चिमटे दिले, मणी दिले. बाबांनी सगळं पाहिलं आणि 'मी काय बालवाडीत आहे?' अशा नजरेनं बाजूला सारलं. मग परगावी नोकरी करणाऱ्या धाकट्यानं बस चालवायचा एक गेम आणि हे स्टिअरिंग पाठवून दिलं. गेममधली बस बाबांना पसंत पडली नाही. पण धाकट्यानं शोधून एक मॉड बसवून दिला. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांपैकीच कुणी हौशी माणसानं गेमला घातलेली भर. नवा रस्ता म्हणा, नवी गाडी म्हणा. एका साइटवर लोक त्या ठेवतात, ज्याला हवी त्यानं उतरवून घ्यावी. या मॉडमध्ये जुन्या धाटणीची बस होती, नाक पुढे आलेली, चढावर खोकणारी.

बाबांनी ती बस पाहिली आणि डावा हात स्टिअरिंगवर ठेवला. आणि पहिला थांबा आला तेव्हा उजवा हात, ज्याला सगळं घर आर्जवं करून थकलं होतं तो, आपला आपण वर उठला. दाराचं बटण उजवीकडे होतं ना! व्यायामताई बघतच राहिल्या. "माझे मणी द्या परत," म्हणाल्या, "यांचं औषध यांना सापडलं."

आणि मागच्या आठवड्यात त्या मॉडची नवी आवृत्ती आली. गेमनं ती कुणाला न विचारता ओढून घेतली. जुन्या बसच्या जागी चकचकीत, सपाट तोंडाची बस उभी राहिली. बाबांनी अर्धी फेरी केली, गाडी मध्येच सोडली आणि हात मांडीवर ठेवला. तेव्हापासून तो तिथंच होता.

"बोटं मिटायला लागली आहेत," काल व्यायामताई जाताना दारात हळू आवाजात बोलल्या होत्या. "हाताला रोज काम हवं. आता मिटली आणि अशीच आखडली, तर पुढं उघडायला मला जमेलच असं नाही. खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

थोरलीनं चहा टाकला आणि धाकट्याला फोन लावला.

"ताई, अगं त्या साइटवर जुनी फाइल दिसतच नाही आता," तो घाईत म्हणाला. मागं कुणीतरी त्याला हाका मारत होतं. "मॉड बनवणाऱ्यानं पानावरून काढलीय. पण पुसलेली नाहीये. एपीआयनं मागितली तर मिळते, असं तिथं एकानं लिहिलंय."

"कोणानं मागितली तर?"

"एपीआय. म्हणजे बघ, साइटचं पान म्हणजे दुकानाची समोरची काच. मांडलंय तेवढंच दिसतं. एपीआय म्हणजे मागची खिडकी. तिथं जाऊन नेमकं नाव-नंबर सांगून मागायचं, की आतला माणूस आतून आणून देतो."

"मग जा ना खिडकीवर. तुझंच काम आहे ते."

"आज नाही गं जमणार, खरंच. इथं आग लागलीय. तू कर ना. 'सुरुवात कशी करावी' असं पान आहे, अगदी सोपं. मी निरोप पाठवतो सगळे."

सोपं! ज्याला येतं त्याला सगळंच सोपं. थोरलीनं चहाचा कप बाबांच्या डाव्या हातात दिला, स्वतःचा घेऊन पुढच्या खोलीत आली, आणि जुन्या लॅपटॉपवर ते पान उघडून बसली.

पानावर लिहिलं होतं की आधी खातं उघडा, मग आपली चावी घ्या. चावी म्हणजे अक्षरा-आकड्यांची लांब माळ. ही कुणाला दाखवू नका, पासवर्डासारखी जपा, अशीही ताकीद होती. प्रत्येक मागणीबरोबर ती चावी दाखवायची. बरं. नमुन्यादाखल एक ओळ दिली होती. थोरलीनं ती जशीच्या तशी उचलली, धाकट्यानं सांगितलेल्या, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत डकवली, शेवटी आपली चावी जोडली आणि बटण दाबलं.

उत्तर आलं, तुम्ही कोण, ओळखत नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डोळे चोळून पुन्हा. तिनं ती सगळी ओळ चावीसकट धाकट्याला पाठवून दिली. भाऊ काही परका नव्हे.

फोन वाजला. तो हसत होता, पण हसणं दाबून. "ताई, ओळीत 'तुमची चावी इथे घाला' असं लिहिलंय ना?"

"हो."

"ते तसंच पाठवलंस तू. आणि खरी चावी शेवटी वेगळी चिकटवलीस."

थोरलीनं ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "हस बाबा, हस. सकाळपासून चादरींच्या घड्या घालतेय, मेंदूचीही घालून ठेवली असेल."

तिनं चावी तिच्या जागेवर घातली. तर पुढचं विघ्न. साइट म्हणे, मागणाऱ्यानं आपल्या ॲपचं नावही सांगायला हवं. हिच्याकडं कुठलं ॲप? ही एकटी, आणि एक लॅपटॉप, ज्याचं एक बटण बसलेलं. काय नाव सांगावं? बराच वेळ ती त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिली. मग तिनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'बाबांचीमुलगी'. देवापुढं उभं राहिल्यावर तरी आपण दुसरं काय सांगतो? अमक्याची लेक आलेय, एवढंच.

बटण दाबलं.

या वेळी साइटनं तिला तिचंच नाव परत सांगितलं. खातं अमुक, चावी बरोबर, या. थोरलीला उगीचच भरून आलं. अख्ख्या दिवसात तिला 'या' असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग मॉडचा नंबर घालून तिनं फायली मागितल्या. आली एकच, नवी. पान पुन्हा वाचलं. खाली बारीक अक्षरांत होतं, जुन्या हव्या असतील तर 'जुन्या' असं वेगळं सांगावं लागतं. न सांगता कोण कशाला देईल? तिनं तसं सांगितलं, आणि काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी उतरल्या. त्यांत ती होती. जुनी बस. तिचा नंबर. आता त्या नंबरावर उतरवून घ्यायचा पत्ता मागायचा, की झालं.

"बाबा!" तिनं आत हाक दिली. "सापडली तुमची गाडी!"

आतून खुर्ची करकरली.

तिनं पत्ता मागितला. उत्तर आलं, तुम्ही फार वेळा मागितलंत. थांबा.

फार वेळा? हे तर पहिल्यांदाच. तिनं पुन्हा दाबलं. थांबा. घोटभर चहा घेतला, गार झाला होता. पुन्हा दाबलं. थांबा, आणि थांबायची वेळ मघापेक्षा जास्त. खाली धमकीची एक ओळही आली, असंच चालू राहिलं तर चावी कायमची बंद होईल.

तिनं हात लॅपटॉपवरून असे उचलले, जसे तापलेल्या यंत्रावरून उचलायचे असतात.

धाकट्याला फोन केला. उचलला नाही. निरोप टाकला. बघितला नाही. आता काय करायचं? थांबा म्हटलंय, थांबायचं. थांबणं हे एक तिला येत होतं. देवाच्या बाबतीत तर दुसरं काही येतच नव्हतं, मागायचं आणि थांबायचं.

ती आतल्या खोलीत गेली. बाबा दाराकडंच तोंड करून बसले होते, चेहऱ्यावर विचारणं होतं.

"मिळणार आहे," ती म्हणाली. "जरा थांबा म्हणालेत. रांग आहे."

बाबांनी डोळे मिटले. रांग त्यांना ठाऊक होती.

त्यांच्याशेजारच्या स्टुलावर ती टेकली. पाय सुटे केले. समोर पडद्यावर ती चकचकीत बस डेपोत उभी होती, आठवडाभर उभीच. हात मोकळे कशाला ठेवायचे म्हणून तिनं स्टिअरिंग आपल्याकडं ओढलं. "बघू तर, हिच्यात वाईट काय आहे. माझ्या बुडाखाली अशी गाडी असती तर मी हसत कामावर गेले असते."

बाबांनी डोळे उघडले.

गाडी लोण्यासारखी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. थोरलीनं पदपथ घासला, एक खांब वाचवला, बाबांनी ब्रेक असल्यासारखा जमिनीवर पाय दाबला. "बोलू नका हं," ती म्हणाली, "चालकाशी बोलू नये असं तुम्हीच सांगायचा." पहिला थांबा आला. तिनं गाडी लावली आणि बटणाकडं हात नेला, तर दार आपलं आपण उघडलं. माणसं चढू लागली. एक बाई, दोन पोरं, छत्रीवाला. मागून एक म्हातारा येत होता, पिशवी घेतलेला, एक पाय ओढत. गेम बनवणाऱ्यानं कुणाला पाहून तो बनवला असेल देव जाणे, पण पाय ओढायची ती तऱ्हा अगदी खरी होती. तो पायरीपाशी पोचला.

आणि दार बंद झालं.

थोरलीनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नव्या बसमध्ये ते बटण दाराला जोडलेलंच नव्हतं. ठरलेला वेळ झाला की दार मिटायचं, बस म्हणायची, निघा. आरशात तो म्हातारा पिशवी घेऊन उभा होता, ना रागावलेला, ना काही. नुसता उभा.

शेजारून आवाज आला. घशातून, ओढून काढलेला. "अं... अं..." बाबांचा डावा हात पडद्याकडं गेला होता, आरशाकडं.

"हा?" थोरलीनं विचारलं. "हा माणूस?"

बाबांनी मान हलवली. मग पुष्कळ वेळ घेऊन, जिभेशी झोंबून, एक शब्द काढला. "राहिला."

थोरलीनं गाडी तिथंच बंद केली.

सगळं घर म्हणत होतं, बाबांना जुनी गाडी आठवते, जुन्या दिवसांसाठी जीव हळहळतो. धाकटा तर म्हणाला होता की नव्या बसला जुना रंग मारून देऊ, त्यांना काय कळणार. आणि बाबांचं दुखणं हे होतं. उभ्या जन्मात त्यांनी पायरीवर आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावलं नव्हतं. गाडी उशिरा का पोचते, म्हणून साहेबानं विचारलं की खाली बघून उभे राहायचे, उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर हेच होतं. आता ते द्यायला जीभ नव्हती, म्हणून त्यांनी हात काढून घेतला होता. जी बस माणूस टाकून जाते ती मी हाकणार नाही.

"मला आधी का नाही..." ती बोलायला गेली आणि थांबली. कसं सांगणार होते?

ती त्यांच्या उजव्या हाताची मिटलेली बोटं आपल्या बोटांत घेऊन एकेक उघडत बसली. चादरीची दुमडलेली कड सोडवावी तशी. तिची बोटं अजून उबदार होती.

फोन वाजला.

"ताई! काळजी करू नको, मी लागलोय कामाला," धाकटा धापा टाकत म्हणाला. "तुझी चावी घेऊन एक प्रोग्राम लावलाय. एकेक नंबर मागत मागत जातोय, जुनी बस कुठं ना कुठं सापडेलच."

थोरली ताडकन उठली. "माझी चावी घेऊन?"

"तूच पाठवलीस ना. तुला सरप्राइज द्यावं म्हटलं."

"आणि मध्ये थांबतो का तुझा प्रोग्राम? श्वास घ्यायला?"

पलीकडं कीबोर्डाची टकटक झाली. मग, "अगं ते... थांबायची ओळ घालायची राहिली. मीटिंगला बोलावलं, तसाच सोडून उठलो."

या घराची ही जुनीच खोड. एकमेकांसाठी करायचं, पण सांगायचं नाही. बाबा इस्पितळातून आले तेव्हा दोघांनी दोन वॉकर आणले होते. एकावर अजून टॉवेल वाळत असतात.

"छोट्या," थोरली म्हणाली, आणि आवाज चढवायचं त्राण नव्हतं म्हणून तो मऊच निघाला, "बाबा प्रवाशांना काय सांगायचे? घंटी एकदा वाजली की मला कळतं. दहांदा ओढलीत म्हणून ब्रेक दहांदा लागत नाही. मी इथं साइटच्या पाया पडतेय, आणि तू तिकडून माझ्याच नावानं घंटी ओढतोयस. चावी जायची माझी!"

"सॉरी, सॉरी. बंद केला. हा बघ, केला बंद."

"नंबर सापडलाय मला कधीचाच."

"सापडला? तुला?" त्याला खरंच आनंद झाला. "ताई, मग आता हात लावू नको. सांगितलाय तेवढा वेळ जाऊ दे, वर थोडा आणखी. मग एकदाच माग. आणि आपोआप नवं ओढून घ्यायचं बंद कर आधी, नाहीतर उद्या पुन्हा हीच रड."

"ऐक," ती म्हणाली. "बाबांना रंग नको होता." आणि तिनं त्याला म्हाताऱ्याचं सांगितलं. पलीकडं मागून हाका येतच होत्या, पण धाकटा कुणालाच ओ देत नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "आपल्या शाळेच्या थांब्यावर मी रोज धावत यायचो. मला वाटायचं, माझा बाप म्हणून थांबतो."

"सगळ्यांसाठीच थांबायचे."

"हो ना. आज कळलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "फोन कर झाल्यावर."

ती थांबली. आपोआप ओढून घेणं बंद केलं, भांडी घासली, वॉकरवरचे टॉवेल काढले. खिडकीत संध्याकाळ झाली. मग लॅपटॉपसमोर बसून तिनं चावी पाहिली, नाव पाहिलं, नंबर पाहिला. देवा, मी दमलेय, एवढं एक दे, मग पुढं कधी मागेन तेव्हा मागेन. आणि एकदाच बटण दाबलं.

पत्ता आला. साधा, लांबलचक, रूक्ष पत्ता. तिनं तो उघडला आणि फाइल उतरू लागली, चढावरच्या जुन्या बससारखी, थांबत, खोकत.

फाइल जागेवर बसवायला पुन्हा दोनदा चुकली. ते सांगत नाही. पडद्यावर एकदाची नाकाड बस उभी राहिली आणि इंजिन खाकरलं, तेव्हा बाबांच्या तोंडून हसू नाही निघालं, नुसता श्वास निघाला, आठवड्याचा अडकलेला. डावा हात स्टिअरिंगवर गेला. उजवा मांडीवरच होता. थोरलीनं हाताला आर्जव केलं नाही. बोलण्यानं तो कधी उठला नव्हता.

थांबा आला. बस लागली. दार बंदच. बाहेर माणसं उभी.

उजवा हात हलला. आठवडाभर पडून क्षीण झालेला, जड, मनगटातून लटकणारा. टेबलाच्या कडेला अडला. बाबांच्या कपाळाची शीर उठली. थोरलीचे हात आपोआप पुढं झाले, ते तिनं मागं घेतले आणि पदराखाली दाबून धरले. हात कडेवरून सरकला, बटणापाशी पोचला. बोटं मिटलेलीच, म्हणून बाबांनी मूठच टेकवली. दार उघडलं.

बाई चढली, पोरं चढली, छत्रीवाला चढला.

फोन वाजला. "झालं का गं? चालवतायत?"

"नाही," थोरली म्हणाली. उद्या पहाटेची पाळी होती, पाय ठणकत होते, आणि तिला स्टुलावरून उठवत नव्हतं. "उभी आहे गाडी. तो म्हातारा येतोय अजून."

बाबांची मूठ बटणाच्या वर थांबली होती. दाबलं की दार मिटलं असतं, पण ती खाली येत नव्हती. म्हातारा पायरीशी आला, पिशवी आधी वर ठेवली. आणि तो एक पाय उचलत असताना बाबांच्या मुठीतून अंगठा हळूच बाहेर आला, बटणावर बसायला तयार.